सन्मान गाण्याचा की गाण्याच्या जातीचा?

(विहाराच्या वर्धापनदिनी सामुदायिक वंदनेनंतर विहार समितीच्या वतीने केलेले भाषण)



वर्धापनदिनाचं भाषण म्हटलं की विहार कसा उभा राहिला, कोणी विटा दिल्या, कोणी पत्रे दिले, कोणी रात्र-रात्र जागून भिंत बांधली, हे सांगण्याची आपली पद्धत आहे. ते ज्येष्ठांनी आताच सांगितलं. आम्ही आज वेगळ्या विषयावर बोलणार आहोत. विषय वरवर लहान वाटेल. पण गेले दोन महिने त्यावरून आपल्या समितीत दोन तट पडले आहेत. एकमेकांच्या घरी चहाला जाणारी माणसं रस्त्यात तोंड फिरवून जाऊ लागली. तेव्हा ही गोष्ट बंद खोलीत न ठेवता सर्वांसमोर मांडावी, असं समितीने ठरवलं.

आपल्याला माहीतच आहे, की दरवर्षी या दिवशी आपण एका भीमगीत गायकाचा सन्मान करतो. शाल, बाबासाहेबांचा एक ग्रंथ, सन्मानचिन्ह आणि वर्गणीतून जमेल तेवढी रक्कम पाकिटात घालून देतो. रक्कम फार मोठी नसते. पण ज्या माणसाने चाळीस वर्षं जयंतीच्या मंडपात, थंडी-पावसात, बिदागी मिळो न मिळो, गळा फाटेपर्यंत गायलं, त्याच्या घरच्या भिंतीवर लावायला ते सन्मानचिन्ह मोठं असतं.

यंदाच्या बैठकीत तीन नावं आली. पहिलं नाव आपल्या वस्तीत सर्वांना परिचित असलेल्या वयोवृद्ध गायकाचं. दुसरं एका ढोलकी वादकाचं. तो तमाशाच्या फडात वाढला, हंगामात आजही फडाबरोबर जातो. आणि गेली तीस-पस्तीस वर्षं १४ एप्रिल आणि विजयादशमीला आपल्या गायन पार्टीची ढोलकी तोच सांभाळतो. तिसरं नाव आपल्याच वस्तीतल्या एका मुलीचं. ती रॅप करते. बाबासाहेबांवर, गटारात उतरणाऱ्या सफाई कामगारांवर, शाळेत विचारल्या जाणाऱ्या आडनावांवर ती स्वतः लिहिते आणि मोबाईलवर टाकते.

इथूनच वाद सुरू झाला. काही सभासद म्हणाले, ‘पाटीवर भीमगीत गायक असं लिहिलं आहे. ढोलकीवाला गातो का? आणि तो तमाशाचा माणूस. त्याचा सत्कार तमाशावाले करतील.’ मुलीबद्दल म्हणाले, ‘ते गाणं आहे का? ते तर भराभर बोलणं झालं.’ दुसऱ्या बाजूचे सभासद म्हणाले, ‘कलेला जात नसते, प्रकार नसतो. ज्याची कला चांगली त्याला द्या.’

आणि एक वाक्य हळू आवाजात बोललं गेलं. ढोलकीवाला मातंग समाजातला आहे, तो वंदनेला येत नाही, ‘तो आपल्यातला नाही.’ हे वाक्य आम्ही इथे मुद्दाम मोठ्याने सांगतो, कारण हळू बोललेली वाक्यं विहारात शिल्लक राहू नयेत.

मित्रहो, दोन्ही बाजूंचं म्हणणं आम्ही पुष्कळदा तपासून पाहिलं. आम्हाला असं दिसलं, की दोन्ही बाजू थोड्या बरोबर आहेत आणि दोन्ही बाजूंनी आपलं काम सोपं करून घेतलं आहे.

प्रथम ‘कलेला जात नसते’ हे वाक्य घेऊ. ऐकायला गोड आहे, पण या देशात ते खरं नाही. हलगी कोणी वाजवायची, सनई कोणी वाजवायची, देवळात पखवाज कोणी वाजवायचा, फडात कोणाच्या लेकीबाळींनी नाचायचं, हे जातीनेच ठरवलं होतं. तमिळनाडूत पराई नावाचं चामड्याचं वाद्य आहे. एका संपूर्ण अस्पृश्य जातीचं नाव त्या वाद्याशी जोडलं जातं. मयतीला वाजवायचं, म्हणून ते वाद्य हलकं आणि वाजवणाराही हलका. त्याच पराईचे वादक वेलू आसान यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. आनंदाची गोष्ट आहे. पण वाद्याला सन्मान मिळायला किती पिढ्या जाव्या लागल्या, तेही लक्षात घ्या. म्हणून ज्यांना बाहेर ठेवलं गेलं, त्यांनी आपला वेगळा सन्मान सुरू केला तर त्याला संकुचितपणा म्हणता येणार नाही.

आता दुसरं म्हणणं. ‘सन्मान भीमगीताचा आहे, दुसऱ्या प्रकारांना त्यात जागा नको.’ ठीक आहे. पण मग आम्ही विचारतो, भीमगीत हा गाण्याचा कोणता प्रकार आहे?

जरा मागे जाऊन पाहा. महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला. त्या विचारातून पुढे सत्यशोधक जलसे निघाले. त्यांनी साचा कोणाचा घेतला? तमाशाचाच. त्यातली देवाची आळवणी आणि शृंगार बाजूला सारला आणि सवाल-जवाबात भिक्षुकशाही, सावकारी, शिक्षण हे विषय आणले. त्याच वाटेने १९३० च्या दशकात आंबेडकरी जलसे उभे राहिले. नाशिककडचे भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी गावोगाव फिरले. ज्या माणसाला वर्तमानपत्र वाचता येत नव्हतं, त्याला चळवळ कशासाठी आहे ते जलशाने सांगितलं. आपली दहा भाषणं आणि एक जलसा बरोबरीचा, असं बाबासाहेब म्हणत, ही आठवण आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी आजही आहे.

म्हणजे आपल्या गाण्याचं पाळणाघर तमाशाच्या फडात आहे. पुढे काय झालं? सिन्नर तालुक्यातील देशवंडी गावचे महाकवी वामनदादा कर्डक (१९२२ ते २००४) यांची गाणी कोणी कव्वालीच्या ढंगात म्हटली, कोणी भजनाच्या चालीवर, कोणी लोकगीतासारखी. श्रावण यशवंते यांच्यासारख्या गायकांनी मुसलमान फकिरांच्या दर्ग्यातली कव्वाली जयंतीच्या मंडपात आणली. रात्र-रात्र मुकाबले रंगले. सिनेमाच्या चाली आल्या, बेंजो आला, कॅसेट आली. म्हणून आम्ही म्हणतो, भीमगीत हा प्रकार नव्हेच. ते अनेक प्रकारांनी बाबासाहेबांना आणि बुद्धाला दिलेला आवाज आहे.

आणि आपले मोठे गायक तरी एका प्रकारात कधी मावले? प्रल्हाद शिंदे यांचा आवाज भीमजयंतीला घुमतो. आणि विठ्ठलाची, गणपतीची गाणी लावणाऱ्या घरांतही तोच आवाज घुमतो. लोकशाहीर विठ्ठल उमप भीमगीतं गायले, कोळीगीतं गायले, लावणी, कव्वाली, गझल गायले आणि जांभूळ आख्यान करून त्यांनी नाट्यगृहं भारून टाकली. २६ नोव्हेंबर २०१० रोजी, संविधान दिनाला, नागपुरात दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमात त्यांनी देह ठेवला. या दोघांना एकाच खात्यात लिहायचं ठरवलं, तर वही फाडावी लागेल!

पण आम्ही दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपल्या चळवळीने सीमा आखल्या त्या उगाच आखल्या नाहीत. महाडच्या सत्याग्रहाच्या वेळची एक आठवण सांगितली जाते. पठ्ठे बापूराव यांनी आपल्या तमाशाच्या खेळांचं उत्पन्न सत्याग्रहाला देऊ केलं. बाबासाहेबांनी ते नाकारलं. कारण आमच्या समाजाच्या स्त्रिया नाचवून मिळवलेला पैसा त्यांना नको होता. पैशाची गरज असताना नाकारला. म्हणजे बाबासाहेबांच्या मनात प्रश्न होता तो गाणं उच्च की हलकं हा नव्हता. या गाण्याने माणसाची अप्रतिष्ठा होते का, हा होता. ही कसोटी आपण लक्षात ठेवू, पुढे ती कामाला येईल.

आणि सीमा हवी असं म्हणणाऱ्यांना आणखी एक भीती वाटते. ती खोटी नाही, कारण तिला आम्हीच कारण झालो आहोत. काही वर्षांपूर्वी गर्दी व्हावी म्हणून आम्ही ऑर्केस्ट्रात सिनेमाची गाणी गाणाऱ्या एका नावाजलेल्या गायकाला बोलावलं आणि सन्मानही त्यालाच देऊन टाकला. तो गाडीतून आला, दोन गाणी म्हटली, त्यातल्या एकाचे शब्दही चुकवले, जाडजूड पाकीट घेतलं आणि गेला. आणि ज्यांनी ती गाणी जन्मभर गायली, ते मागे कोरसला बसले होते. त्यांना वडापाव आणि जाण्यायेण्याचं भाडं. त्या रात्री मंडप भरला होता हे खरं. पण आम्ही आमच्याच माणसांना आमच्याच मंडपात मागच्या रांगेत बसवलं. ही चूक समितीची आहे आणि समितीच्या वतीने आम्ही आज त्यांची जाहीर क्षमा मागतो. ‘इतरांनाही घ्या’ या सुंदर वाक्याचा असाही उपयोग होतो, हे त्या दिवशी कळलं.

हा प्रश्न काही एकट्या आपल्या वस्तीचा नाही. आता थोडं दूर, अमेरिकेत जाऊ. दूर म्हटलं तरी तिथलं एक विद्यापीठ आपल्याला घरातल्यासारखंच आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब १९१३ ते १९१६ शिकले. त्या विद्यापीठाच्या शेजारीच हार्लेम ही काळ्या लोकांची वस्ती. तिथल्या काळ्या जनतेचं दुःख आणि आपलं दुःख एकमेकांना ओळखत आलं आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी तिथले विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. आणि १९७२ साली आपल्या तरुणांनी दलित पँथर हे नाव घेतलं ते तिथल्या ब्लॅक पँथरवरूनच.

त्याच कोलंबिया विद्यापीठातर्फे पुलित्झर पारितोषिकं दिली जातात. १९४३ पासून त्यात संगीताचंही पारितोषिक आहे. नाव ‘संगीत’, पण वर्षानुवर्षं ते मिळालं फक्त युरोपीय पद्धतीच्या शास्त्रोक्त रचनांना. काळ्या लोकांनी जन्माला घातलेलं जॅझ हे जणू संगीतच नव्हे! ड्यूक एलिंग्टन हा जॅझचा महान रचनाकार. तरुणपणी हार्लेमच्या ज्या कॉटन क्लबात तो वाजवत असे, तिथे वाजवणारे काळे आणि ऐकायला प्रवेश गोऱ्यांना! १९६५ साली तज्ज्ञ परीक्षकांनी शिफारस केली, की एलिंग्टनच्या जन्मभराच्या कामाचा विशेष गौरव करावा. वरच्या मंडळाने ती फेटाळली. तीनपैकी दोन परीक्षकांनी निषेध म्हणून राजीनामा दिला. एलिंग्टन तेव्हा ६६ वर्षांचा होता. तो हसून एवढंच म्हणाला, की दैव माझ्यावर मेहेरबान आहे, मी फार लहान वयात फार प्रसिद्ध होऊ नये अशी त्याची इच्छा दिसते. या हसण्यात काय होतं, ते आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

एलिंग्टन १९७४ साली वारला. १९९७ साली विंटन मार्सालिस याला मिळालेलं पारितोषिक हे जॅझला मिळालेलं पहिलं. १९९९ साली, म्हणजे एलिंग्टनच्या जन्मशताब्दीला, त्याला मरणोत्तर विशेष गौरव देण्यात आला. आणि २०१८ साली केंड्रिक लामार या रॅप गायकाला ते पारितोषिक मिळालं. तोपर्यंत शास्त्रोक्त आणि जॅझ सोडून दुसऱ्या कोणत्याही संगीताला ते मिळालेलं नव्हतं. ‘रॅप म्हणजे भराभर बोलणं’ असं तिथेही म्हणत होतेच. हे आमच्या समितीतल्या मित्रांनी ध्यानात घ्यावं.

दुसरं उदाहरण त्याच देशातलं, पण जरा उलट्या दिशेचं. तिथे रॉक अँड रोल नावाचं संगीत १९५० च्या दशकात गाजू लागलं. त्याच्या कलावंतांच्या गौरवासाठी रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम नावाची संस्था आहे. क्लीव्हलँड शहरात तिचं संग्रहालय आहे. १९८६ साली पहिल्यांदा नावं निवडली, तेव्हाच त्यांनी ज्यांच्यापासून हे संगीत निघालं त्या पूर्वसूरींसाठी वेगळा विभाग ठेवला. त्यात ब्लूज गाणारा काळा रॉबर्ट जॉन्सन होता आणि कंट्री म्हणजे खेड्यापाड्यातल्या गोऱ्यांचं संगीत गाणारा जिमी रॉजर्सही होता. २००७ साली रॅपवाल्यांनाही तिथे प्रवेश मिळाला. तेव्हापासून तिथे दरवर्षी भांडण आहे, की हे रॉक आहे का, ते रॉक आहे का.

२०२२ साली डॉली पार्टन या प्रसिद्ध कंट्री गायिकेचं नाव सुचवलं गेलं. ती म्हणाली, माझं नाव काढा. हा मान मी कमावलेला नाही आणि माझ्यामुळे दुसऱ्या कोणाची मतं फुटू नयेत. संस्थेने नाव काढलं नाही. मतदारांनी तिला निवडलं. तिनेही मग मानाने स्वीकारलं, आणि पुढच्या वर्षी, २०२३ मध्ये, रॉक गाण्यांचा एक स्वतंत्र संग्रहच काढला. म्हणजे जणू आधी मिळालेल्या मानाचं ऋण फेडलं. त्याच दालनात सिस्टर रोझेटा थार्प ही बाई २०१८ साली पोचली. चर्चमधली भक्तिगीतं ती विजेच्या गिटारवर वाजवून गात असे. तिचं वाजवणं ऐकून पुढचे नामांकित रॉक गायक घडले. ती १९७३ साली गेली आणि सन्मान आला ४५ वर्षांनी. का? तर ती ‘भक्तिगीतवाली’ होती, दुसऱ्या खात्यातली होती.

या सगळ्यातून आम्ही काय शिकलो ते सांगतो.

एक. ज्या सन्मानाच्या पाटीवर नुसतं ‘संगीत’ किंवा ‘कला’ लिहिलं आहे, जो सर्व जनतेच्या नावाने दिला जातो, त्याला कोणताही प्रकार बाहेर ठेवण्याचा अधिकार नाही. तिथे दार बंद असेल तर ते ठोठावलं पाहिजे. एलिंग्टनला ज्यांनी बाहेर ठेवलं त्यांनी प्रकाराचं नाव पुढे केलं. पण त्या प्रकारामागे कोणाची माणसं होती हे सगळ्यांना दिसत होतं.

दोन. पण उपेक्षितांनी स्वतःसाठी बांधलेल्या लहान घराची गोष्ट वेगळी. महाराष्ट्र शासन तमाशा कलावंतांना विठाबाई नारायणगावकर यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं. उद्या कोणी म्हणालं, की कलेला प्रकार नसतो, तेव्हा तो पुरस्कार एखाद्या सिनेतारकेला द्या, तर आपण मान्य करू का? नाही करणार. कारण सिनेतारकेला दहा दारं उघडी आहेत, फडातल्या बाईला हे एकच आहे. तसंच भीमगीत गायकाचं. त्याचं एकमेव दार मोठ्या नावांच्या गर्दीने अडवायचं नाही.

तीन. आणि लहान घराचं दार दुसऱ्यासाठी उघडायचं, तर ते प्रसिद्धीसाठी नाही, गर्दीसाठी नाही, ओळखीसाठी नाही. एकच प्रश्न विचारायचा: या माणसाने आपल्या गाण्याला काय दिलं? रोझेटा थार्पने रॉकला गिटार दिली. ऑर्केस्ट्राच्या त्या गायकाने आपल्या गाण्याला काय दिलं? काहीच नाही, फक्त घेतलं. आणि आपल्या ढोलकीवाल्याने?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना भन्तेजींनी आम्हाला दीघ निकायातल्या सक्कपञ्ह सुत्ताची आठवण करून दिली. राजगृहाजवळच्या डोंगरातल्या इंदसाल गुहेत भगवान बुद्ध ध्यानस्थ बसले असताना पंचशिख नावाचा गंधर्व वीणा घेऊन आला आणि गायला लागला. आणि गाणं कोणतं? त्यात बुद्धाची स्तुती होती, धम्म होता, अर्हंत होते. आणि त्यातच त्याच्या प्रेयसीवरचं प्रेमही होतं! आपल्या बैठकीत ते गाणं आलं असतं, तर ‘हे बुद्धगीत की प्रेमगीत’ यावर आपण रात्र काढली असती. भगवंतांनी काय केलं? त्यांनी त्याची प्रशंसा केली. म्हणाले, की तुझ्या तारांचा सूर तुझ्या गळ्याशी जुळतो आणि गळा तारांशी. एक दुसऱ्याला झाकून टाकत नाही. उपासकहो, अष्टशील घेताना आपण नाच-गाण्यापासून दूर राहण्याचं व्रत घेतो, ते साधनेच्या दिवसासाठी. पण गाणाऱ्याचा अपमान भगवंतांनी केला नाही. आणि प्रशंसा एकट्या गळ्याची केली नाही. वाद्य आणि गळा, दोघांची केली.

आता बाबासाहेबांची कसोटी लावून पाहा. आपल्या ढोलकीवाल्याच्या वाजवण्याने कोणाची अप्रतिष्ठा झाली का? उलट, फडात जी ढोलकी दौलतजादा करणाऱ्यांपुढे वाजली, तीच त्याने आपल्या मंडपात बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे वाजवली. आपल्या गाण्याची लय त्याच्या बोटांत आहे. गायक बदलले, कोरसची पोरं बदलली, ढोलकी तीच राहिली. आणि ‘आपल्यातला नाही’ म्हणणाऱ्यांना आम्ही विनम्रपणे विचारतो, की नद्या समुद्राला मिळाल्या म्हणजे त्यांची नावं उरत नाहीत, हे भगवंतांनी संघाबद्दल सांगितलेलं आपण दरवर्षी भाषणात सांगतो, ते कोणासाठी सांगतो? तो वंदनेला येत नाही हे खरं. पण त्याला या विहारात माईकच्या मागे बसण्याशिवाय कधी कोणी बोलावलं होतं का?

आम्ही समितीचे चार जण त्याच्या घरी गेलो. तो म्हणाला, ‘दादा, माझ्यामुळं गाणाऱ्याचं नाव कापू नका. ते आजारी आहेत.’ डॉली पार्टनची हकीकत आम्हाला तेव्हा ठाऊकही नव्हती. नंतर वाचली, तेव्हा त्या घराची आठवण झाली. मग आम्ही गायकांच्या घरी गेलो. ते अंथरुणावर होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘ढोलकीशिवाय मी कुठल्या जयंतीला गायलो, तेवढं एक सांगा.’ आम्हाला सांगता आलं नाही.

तेव्हा समितीने बहुमताने पुढीलप्रमाणे ठरवलं आहे. सन्मानाचं नाव ‘भीमगीत सन्मान’ हेच राहील. ते बदलायचं नाही. ‘भीमगीत गायक’ यातला ‘गायक’ हा शब्द मात्र पाटीवरून काढला आहे. पेटी, ढोलकी, बेंजो वाजवणारे, कोरस धरणारे, गाणी लिहिणारे आणि दुसऱ्या प्रकारातून येऊन या गाण्याला काही देणारे, सर्वांचा विचार होईल. यंदाचा सन्मान गायक आणि ढोलकी वादक दोघांना, एकाच व्यासपीठावर, शेजारी-शेजारी बसवून दिला जाईल. दुसऱ्या पाकिटासाठी पावती पुस्तक पुन्हा फिरवावं लागलं. ज्यांनी दोनदा वर्गणी दिली त्यांचे आभार. दोन सभासदांचा विरोध कायम आहे. त्यांचं म्हणणं इतिवृत्तात लिहिलेलं आहे. विरोध असूनही ते आज सकाळपासून मंडपाचं काम करत आहेत, हे आम्ही आवर्जून सांगतो.

रॅप करणाऱ्या मुलीला यंदा सन्मान नाही. ती रुसली नाही. ती वीस वर्षांची आहे. तिला आज शालीपेक्षा माईकची गरज जास्त आहे. तिकडे चेन्नईत पा. रंजित यांच्या पुढाकाराने ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ या गटात गाना, रॅप आणि रॉक एकत्र आले, पंजाबात गिन्नी माही बाबासाहेबांची गाणी नव्या ठेक्यावर गाते. आपल्या मुलीने काय दिलं ते काळ ठरवील. आज रात्रीच्या कार्यक्रमात पहिलं गाणं तिचं आहे आणि ढोलकी कोण वाजवणार ते तुम्ही ओळखलंच असेल.

शेवटी एक गोष्ट माता-भगिनींसाठी. या सगळ्या वादात आणखी एक नाव यायला हवं होतं, ते कोणाच्याच तोंडी आलं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉत्वँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यात बाबासाहेबांवरच्या, रमाईवरच्या ओव्याही आहेत. त्या बायांनी माईक पाहिला नव्हता, बिदागी घेतली नव्हती, त्यांना कोणी गायिका म्हटलं नव्हतं. पण दळता-दळता त्यांनी भीमाचं नाव लेकरांच्या कानात घातलं. आपल्या वस्तीत अशा तीन-चार आज्या अजून हयात आहेत. त्या कोणत्या प्रकारात बसतात? लोकगीतात, भक्तिगीतात की भीमगीतात? आम्हाला वाटतं, हा प्रश्न विचारत बसलो तर त्या निघून जातील आणि आपणही ४५ वर्षांनी सन्मान करू. म्हणून महिला मंडळाला आमची विनंती आहे, की येत्या वर्षावासात त्यांच्या घरी जाऊन ओव्या लिहून घ्या, मोबाईलवर आवाज घ्या. पुढच्या वर्षीच्या नावांत एक नाव त्यांचं असू द्या.

बंधू-भगिनींनो, आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या पंगतीतून उठवलं गेलं. त्यामुळे आपण स्वतःची पंगत मांडली, यात चूक काही नाही. तिच्यावर आपलं नाव असू द्या. मोठ्या माणसाचं ताट आहे म्हणून घरच्याला उठवू नका. आणि ज्याने स्वयंपाकाला हात लावला, त्याला ‘तू कुठला’ असं विचारू नका. एवढं सांगून आम्ही आमचे शब्द पुरे करतो.

भवतु सब्ब मंगलं! जयभीम! जय भारत!